शेवटची ओळ झाली, तरी प्रोग्राम जात का नाही?

स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर 'काम पूर्ण' अशी ओळ उमटली. स्क्रिप्टमधली ती अगदी शेवटची ओळ. आता टर्मिनल मोकळं व्हायला हवं, पण कर्सर नुसता लुकलुकत बसलेला. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. वैतागून कंट्रोल-सी दाबलं, तेव्हा 'एक्सेप्शन इग्नोर्ड' असं काहीतरी पुटपुटत प्रोग्राम एकदाचा गेला.

आता नेमकं उलटं चित्र. दुसऱ्या एका स्क्रिप्टनं फाइल लिहायचं काम मागच्या मागे सोपवलं आणि स्वतः झटक्यात संपली. एरर नाही, तक्रार नाही. फाइल उघडून पाहिली, तर निम्मीच.

पहिली स्क्रिप्ट जायला तयार नव्हती, दुसरी नको इतक्या घाईनं गेली. दोन्हींच्या मुळाशी प्रश्न मात्र एकच आहे: मागे कुणी काम करत असताना प्रोग्राम 'संपला' असं कधी म्हणायचं?

प्रश्न जुना आहे, पण सध्या तो जास्त जणांना भेटणार अशी चिन्हं आहेत. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत वर्षानुवर्षं 'गिल' नावाचं एक अंतर्गत कुलूप आहे. कितीही थ्रेड (म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये सोबत चालणारी कामं) असले तरी एका वेळी एकालाच पायथॉनचा कोड चालवू देणारं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीत हे कुलूप काढलेला पायथॉन प्रयोग म्हणून मिळू लागला, आणि ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये त्याला अधिकृत पाठिंबा मिळाला. आपोआप मिळणारा पायथॉन अजून कुलूपवालाच आहे. पण थ्रेडचा खरा फायदा मिळणार म्हटल्यावर लोक थ्रेड वापरणार, आणि थ्रेड वापरले की ते थांबवायचे कसे हा प्रश्न आलाच.

थ्रेड म्हणजे घरातला आणखी एक माणूस

चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात. प्रोसेस म्हणजे एक घर समजा. त्यातली मेमरी, उघडलेल्या फाइली, नेटवर्कची कनेक्शनं हे सगळं घरातलं सामान. थ्रेड म्हणजे त्या घरात काम करणारा माणूस. प्रोग्राम सुरू होतो तेव्हा घरात एकच माणूस असतो, तो मुख्य थ्रेड. स्क्रिप्ट वरपासून खालपर्यंत वाचत जाणारा तोच, आणि घराची किल्लीही त्याच्याकडेच.

त्यानं दुसऱ्या कुणाला कामाला लावलं, की तो झाला बॅकग्राउंड थ्रेड. सामान सगळ्यांचं सामाईक असतं. म्हणून काम पटकन वाटता येतं, आणि म्हणूनच एकमेकांच्या पायात पायही अडकतात. लॉग लिहिणं, सर्व्हरला दर काही सेकंदांनी 'मी आहे' असं कळवणं, मोठी फाइल उतरवून घेणं, प्रगतीची पट्टी पुढे सरकवणं अशी कामं साधारण अशा थ्रेडकडे असतात.

मुख्य थ्रेडचं काम संपलं आणि तो किल्ली घेऊन दाराशी आला. आतल्या खोलीत कुणीतरी अजून कामात आहे. त्यानं थांबायचं, की मेन स्विच बंद करून कुलूप लावून निघायचं?

ऑपरेटिंग सिस्टिम कुणासाठी थांबत नाही

बऱ्याच जणांचा समज असतो की थ्रेड चालू असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमच प्रोसेस संपू देत नाही. तसं नाही. सी भाषेत मेन फंक्शन परतलं की एक्झिट बोलावलं जातं, आणि लिनक्सवर त्याचा शेवट 'एक्झिट ग्रुप' नावाच्या सिस्टिम कॉलमध्ये होतो. नावातच आहे: अख्खा गट बाहेर. कोणता थ्रेड काय करतोय याची चौकशी होत नाही.

म्हणजे थांबणं हा नियम नाही. प्रत्येक भाषेच्या कर्त्यांनी थांबायचं की नाही हे स्वतः ठरवलंय, आणि सगळ्यांनी एकच ठरवलेलं नाही. एका भाषेतून दुसरीकडे आलेला माणूस इथेच फसतो.

पायथॉन थांबतो, रुबी निघून जाते

पायथॉनमध्ये साधा थ्रेड सुरू केला, तर मुख्य थ्रेड शेवटच्या ओळीनंतर दाराशी उभा राहतो. एकेक थ्रेड संपेपर्यंत वाट पाहतो. या वाट पाहण्याला 'जॉइन' म्हणतात; आपण ते लिहिलेलं नसलं तरी पायथॉन शेवटी ते आपल्या वतीनं करतो. थ्रेडमध्ये कधीच न संपणारा लूप असेल, तर हे थांबणंही कधीच संपत नाही. सुरुवातीच्या पहिल्या गोष्टीतला दोषी तोच.

याला अपवाद म्हणजे डीमन थ्रेड. थ्रेड सुरू करण्याआधी त्याच्यावर 'डीमन' अशी खूण केली, तर त्याच्यासाठी थांबायचं नाही असा त्याचा अर्थ. खूण सुरू करण्याआधीच करावी लागते, नंतर केली तर एरर येतो. आणखी एक बारकावा असा, की डीमन थ्रेडनं जन्माला घातलेला थ्रेड काही सांगितलं नाही तर डीमनच असतो. ही खूण वारशानं येते हे माहीत नसल्यानं बरेच तास वाया जातात.

शब्दाबद्दल एक अवांतर. हा डीमन म्हणजे भूतपिशाच्च नव्हे. १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या मंडळींनी पडद्यामागे गुपचूप राबणाऱ्या प्रोग्रामसाठी तो उचलला. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या विचारप्रयोगात रेणूंची सतत वर्गवारी करत बसणारा एक काल्पनिक जीव आहे, त्याच्यावरून.

रुबीचा नियम उलटा. मुख्य थ्रेड संपला की बाकीचे सगळे बंद. थांबायचं असेल तर तुम्ही स्वतः जॉइन लिहायचं. रुबी शिकताना पहिला थ्रेड लिहिणाऱ्या जवळपास प्रत्येकाला रिकामा पडदा दिसतो तो यामुळेच: थ्रेडला तोंड उघडायला वेळच मिळालेला नसतो. पर्लही थांबत नाही, पण जाताना निदान बोलतो. अमुक इतके थ्रेड चालू असताना मी बाहेर पडलो, अशी सूचना आकड्यांसकट छापतो. मला ही पद्धत आवडते. गप्प राहून काम अर्धवट टाकण्यापेक्षा टोचून बोललेलं बरं.

जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचा हिशेब आणखी वेगळा. तिथे मुख्य कोड एकाच थ्रेडवर चालतो आणि 'अजून काही बाकी आहे का' हे इव्हेंट लूप, म्हणजे आलेली कामं एकेक करून उरकणारा नोडचा फेरा, पाहतो. टायमर, उघडं सॉकेट (नेटवर्कचं कनेक्शन), चालू वर्कर (नोडमधला वेगळा थ्रेड) यांपैकी काही शिल्लक असेल तर प्रोसेस जिवंत राहते, नसेल तर संपते. 'अनरेफ' केलेला टायमर या हिशेबात धरला जात नाही. पायथॉनच्या डीमन खुणेचाच हा भाऊ. नुसतं अपुरं राहिलेलं प्रॉमिस, म्हणजे पुढे मिळणाऱ्या निकालाची हमी, मात्र प्रोसेसला धरून ठेवत नाही. मॉड्यूलच्या सर्वांत वरच्या पातळीवर त्याची अवेटनं वाट पाहत असाल आणि ते कधीच पुरं होणार नसेल, तर नोड १३ हा एक्झिट कोड देऊन निघून जातो.

'मग सगळेच थ्रेड डीमन करून टाकू की!'

हा सल्ला जिकडेतिकडे दिला जातो, आणि अडकलेली स्क्रिप्ट त्यानं सुटते हेही खरं. पण काय विकत घेतलं ते नीट पाहा. डीमन थ्रेड थांबवला जात नाही, तो जिथे असेल तिथे गोठतो. फाइलमध्ये ओळ लिहीत असेल तर अर्ध्या ओळीवर, डेटाबेसच्या व्यवहाराच्या मधोमध असेल तर मधोमध. 'फायनली' मध्ये, म्हणजे काहीही झालं तरी शेवटी चालायच्या भागात, आवराआवर लिहून ठेवली असली तरी पायथॉनमध्ये तिची पाळी येत नाही. रुबी इथे थोडी दयाळू आहे. ती थ्रेड मारते, पण त्याचा 'एन्शुअर' (रुबीतला फायनली) भाग चालू देते.

याहून वाईट प्रकार लॉकचा. सामाईक सामान एका वेळी एकानंच वापरावं म्हणून लॉक असतो. खोलीची किल्ली खिशात असताना माणूस गोठला, तर ती खोली बाकीच्यांना कायमची बंद. पडद्यावर छापण्यासाठीही आत एक लॉक असतोच. डीमन थ्रेड नेमका छापत असताना गोठला आणि निघता निघता पायथॉनला तोच लॉक हवा असला, तर 'लॉक मिळवता आला नाही, बहुधा डीमन थ्रेडमुळे' अशा अर्थाचा फेटल एरर येतो. दहा वेळा चालवलं तर एकदाच दिसणारा, आणि दाखवायला गेलं की हमखास न दिसणारा.

थ्रेड बाहेरून मारून टाकायची सोय बऱ्याच भाषा का देत नाहीत, याचंही उत्तर इथेच आहे. जावानं ती दिली होती आणि १.२ आवृत्तीतच, म्हणजे १९९८ साली, ती वापरू नका असं सांगून टाकलं. अर्धवट बदललेला डेटा मागे सोडून लॉक सोडले जातात, हे कारण. पायथॉनच्या थ्रेड मॉड्यूलची रचना बरीचशी जावावर बेतलेली आहे, पण थ्रेड मारायची सोय त्यानं उचलली नाही. बरं केलं.

मग डीमन कुणाला करायचं? ज्याचं काम मध्येच तुटलं तरी काही बिघडत नाही, त्याला. 'मी आहे' असं सर्व्हरला कळवणारा थ्रेड मेला तर काहीच जात नाही. हिशेब लिहिणारा मेला तर जातं.

'एक्झिट लिहिलंय, तरी हटत नाही'

पायथॉनचा सिस-एक्झिट हा बाहेर पडायचा आदेश नावाइतका कडक नाही. तो फक्त एक एक्सेप्शन, म्हणजे कोडचा नेहमीचा क्रम मोडणारा इशारा, उठवतो. मुख्य थ्रेडमध्ये उठवला तर मुख्य थ्रेड संपतो, आणि मग नेहमीप्रमाणे बाकीच्यांची वाट पाहणं सुरू होतं. बॅकग्राउंड थ्रेडमध्ये उठवला तर तेवढाच थ्रेड संपतो, तोही आवाज न करता. बाकी प्रोग्रामला पत्ता नाही. रुबी आणि पर्लमध्ये मात्र कुठल्याही थ्रेडमधून एक्झिट म्हटलं की अख्खा प्रोग्राम जातो. नोडमध्ये वर्करच्या आतून प्रोसेस-एक्झिट केलं तर फक्त तो वर्कर जातो. शब्द एकच, अर्थ तीन.

कंट्रोल-सीचंही असंच. पायथॉनमध्ये तो फक्त मुख्य थ्रेडला ऐकू जातो. मुख्य थ्रेड लूपमध्ये असताना पहिला कंट्रोल-सी तो लूप मोडतो आणि मुख्य थ्रेड दाराशी जाऊन इतरांची वाट पाहू लागतो. दुसरा कंट्रोल-सी ती वाट पाहणं मोडतो. 'दोनदा दाबलं की बंद होतं' ही टीप लोक एकमेकांना मंत्रासारखी देतात, तिच्यामागचं गणित एवढंच.

पायथॉनमध्ये एक खरोखरचा कडक दरवाजा आहे: ओएस मॉड्यूलमधला अंडरस्कोरनं सुरू होणारा एक्झिट. तो थेट ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो आणि प्रोसेस त्या क्षणी संपते. पण बफरमध्ये साठलेला, अजून डिस्कवर न उतरलेला मजकूरही तिच्यासोबत जातो. नोडच्या प्रोसेस-एक्झिटलाही हीच खोड आहे: आउटपुट पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रामला जात असेल, तर शेवटच्या ओळी हरवू शकतात.

निघताना आवरायचं ठरवलं, तरी क्रम आडवा येतो

शहाणा माणूस म्हणेल, की प्रोग्राम संपताना चालणारं एक फंक्शन नोंदवून ठेवू आणि त्यात थ्रेडला 'थांब' म्हणू. पायथॉनमध्ये त्यासाठी ॲटएक्झिट आहे. कल्पना चांगली, पण साध्या थ्रेडसाठी ती हमखास अडकते.

कारण क्रम. पायथॉन आधी साध्या थ्रेडची वाट पाहतो आणि ती संपल्यावर ॲटएक्झिटची फंक्शनं चालवतो. थ्रेड म्हणतो, थांब म्हणाल तेव्हा थांबेन. थांब म्हणणारं फंक्शन म्हणतं, तू थांबलास की मी येईन. दोघंही तसेच उभे. मी स्वतः यात अर्धा दिवस घालवलाय, आणि फंक्शनमध्ये टाकलेली छापायची ओळ पडद्यावर येतच नाही हे पाहून आधी स्वतःच्या स्पेलिंगवर संशय घेतला होता.

गंमत म्हणजे हीच युक्ती डीमन थ्रेडसोबत नीट चालते. त्याच्यासाठी पायथॉन थांबत नाही, सरळ ॲटएक्झिटपर्यंत पोचतो. तिथे आपण थ्रेडला थांबायची खूण द्यायची आणि जॉइन करून त्याला हातातलं काम संपवू द्यायचं. डीमनची खूण आणि सभ्य निरोप एकत्र नांदू शकतात, हे फारसं कुणी सांगत नाही.

निघायच्या वाटेवर असताना नवा थ्रेड सुरू करायला जाल, तर ३.१२ पासून पायथॉन साफ नकार देतो. जाता जाता लॉग पाठवण्यासाठी थ्रेड उघडणारं काही वापरत असाल, तर हा एरर ओळखीचा असेल.

थ्रेड कोसळला, पण एक्झिट कोड शून्य

ही बाब मला सगळ्यात धोकादायक वाटते, कारण ती दिसत नाही. प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो: शून्य म्हणजे सगळं ठीक, दुसरं काही म्हणजे बिघाड. रात्री आपोआप चालणारी कामं या आकड्यावरच विसंबतात.

पायथॉनमध्ये बॅकग्राउंड थ्रेड एरर येऊन कोसळला तर पडद्यावर एररचा मजकूर पडतो, पण मुख्य थ्रेड धडधाकट असतो आणि आकडा शून्यच राहतो. थ्रेड पूल वापरला असेल तर मजकूरही पडत नाही. पूल म्हणजे काही थ्रेड आधीच तयार ठेवून त्यांच्यात कामं वाटणारी व्यवस्था. त्यातला एरर त्या कामाच्या निकालात गुंडाळून ठेवला जातो, आणि तुम्ही निकाल मागितलाच नाही तर तो कधीच समोर येत नाही. म्हणून निकाल मागा, वापरायचा नसला तरी. साध्या थ्रेडसाठी ३.८ पासून एक हूक आहे. थ्रेडमध्ये न पकडलेला एरर आला की काय करायचं ते त्यात लिहिता येतं.

पूलबद्दल आणखी एक. रांगेत हजार कामं टाकून स्क्रिप्टची शेवटची ओळ आली, तर पायथॉन हातातलीच नव्हे, रांगेतली सगळी कामं उरकूनच जातो. घाई असेल तर पूल बंद करताना रांगेतली कामं रद्द करायचा पर्याय ३.९ पासून आहे. सुरू झालेलं काम मात्र त्यानंही थांबत नाही.

मग थांबवायचं कसं? सांगून.

थ्रेड बाहेरून थांबवता येत नाही, त्यानं स्वतः थांबायला हवं. त्यासाठी त्याला दिसेल असा एक झेंडा ठेवायचा. पायथॉनमध्ये त्याला इव्हेंट म्हणतात. मुख्य थ्रेडनं झेंडा वर केला, की बॅकग्राउंड थ्रेडनं पुढच्या फेरीला तो पाहून लूपबाहेर पडायचं.

इथे एक छोटी चूक फार होते. दर मिनिटाला काम करणारा थ्रेड मधल्या वेळात स्लीपनं साठ सेकंद झोपतो. झोपलेल्याला झेंडा दिसत नाही, म्हणून प्रोग्राम बंद व्हायला मिनिटभर लागू शकतो. स्लीपऐवजी इव्हेंटवरच साठ सेकंद वाट पाहायला लावा. झेंडा वर होताच तो जागा होतो. एका ओळीचा बदल, आणि निम्म्या तक्रारी जातात.

रांगेतून कामं उचलणाऱ्या थ्रेडसाठी रांगेतच एक 'संपलं' अशी चिठ्ठी टाकायची जुनी रीत आहे. ३.१३ पासून रांग थेट बंदही करता येते. नेटवर्कवर वाट पाहणाऱ्या थ्रेडला वेळेची मर्यादा द्या. उत्तर न देणाऱ्या सर्व्हरपुढे बसलेला थ्रेड तुमचा झेंडा कधीच पाहणार नाही. पायथॉनचा टायमरही आत एक साधा थ्रेडच असतो. तासाभरानंतरचा टायमर लावून विसरलात, तर प्रोग्राम तासभर बसून राहील. तो रद्द करावा लागतो.

'इतकं करून काय, सर्व्हरवर तर बाहेरूनच मारतात'

आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच हे करायचं. कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका बंद डब्यात) थांबवताना तो चालवणारं डॉकर हे साधन आधी 'टर्म', म्हणजे 'आता थांब', हा सिग्नल देतं आणि लिनक्स कंटेनरसाठी सहसा १० सेकंद थांबून जबरदस्तीनं मारतं. अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या क्युबरनेटीसमध्ये ही सवलत आपोआप ३० सेकंदांची असते. टर्म सिग्नलसाठी तुम्ही काही लिहिलेलं नसेल तर पायथॉनची प्रोसेस जागीच संपते. थ्रेडची वाट पाहणं नाही, ॲटएक्झिट नाही, काही नाही. वर सांगितलेली सगळी शिस्त या एका सिग्नलपुढे निरुपयोगी.

कंटेनरमध्ये आणखी एक वळण येतं. तुमची स्क्रिप्ट तिथली पहिलीच प्रोसेस असेल आणि सिग्नलची सोय केलेली नसेल, तर लिनक्सचा कर्नल (गाभा) तिच्यासाठी टर्म सिग्नलचा ठरलेला परिणाम लागूच करत नाही. ती ऐकल्या न ऐकल्यासारखं करते आणि पूर्ण मुदत संपल्यावर मारली जाते. 'थांबवायला नेमके दहा सेकंद का लागतात?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच. उपाय सोपा: सिग्नल आला की तोच झेंडा वर करायचा आणि उरलेलं थ्रेडवर सोडायचं.

अडकलाय, पण कोण अडवतंय ते कसं कळणार?

अंदाज बांधत बसू नका. पायथॉनला चालू थ्रेडची यादी मागता येते. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत ती छापा आणि मुख्य थ्रेड सोडून कोण उरलंय ते पाहा. फॉल्टहँडलर मॉड्यूलला 'तीस सेकंदांत संपलं नाही तर प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर आहे ते छाप' असंही आधीच सांगून ठेवता येतं. चालू प्रोसेसला बाहेरून पाहायचं असेल तर पाय-स्पाय हे साधन स्क्रिप्टला हात न लावता तीच माहिती देतं.

आणि थ्रेड सुरू करताना त्याला नाव द्या. यादीत 'थ्रेड-७' दिसलं तर शोध तिथून सुरू होतो. 'लॉग-पाठवणारा' दिसलं तर तिथेच संपतो.